मोरारजींच्या मुंबईत

५ एप्रिल १९५०, दुपारचे चार. परळच्या नाक्यावर तुम्ही ट्रामच्या रुळांपासून दोन पावलं मागे सरकून उभे आहात. पहिली पाळी सुटली आहे. गिरणीच्या फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो आहे. केसांत, भुवयांत, मिशांत कापसाचे तंतू अडकलेले. रोज हा लोंढा खानावळींकडे आणि चाळींकडे फुटतो. आज त्याची मोठी धार रस्त्यापलीकडच्या गुत्त्याकडे वळली आहे, कारण उद्या गुत्ता उघडणार नाही. उद्या ६ एप्रिल. वीस वर्षांपूर्वी याच तारखेला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचललं होतं. उद्यापासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी.

फाटकाच्या भिंतीला टेकून एक बाई उभी आहे, कडेवर पोर. तुम्ही तिच्याकडे पाहता तेव्हा तीच आपण होऊन बोलते. "दादा, पगाराच्या दिवशी मी हितं येऊन हुभी ऱ्हाते. मालक गुत्त्यात शिरायच्या आत पैसं हातात घ्यायचं. येत्या पगाराला हे करावं लागनार न्हाई. सरकारचं भलं हुदे."

तिचं हे बोलणं नीट ऐकून घ्या. पुढे जे काही पाहायचं आहे ते पाहताना ते विसरून चालणार नाही.

गुत्त्याच्या पायरीवर एक म्हातारा भंडारी बसला आहे. कमरेला कोयती आहे, हाताचे तळवे झाडांवर चढून चढून लाकडासारखे झालेले. माहीमच्या वाडीत चाळीस वर्षं त्याने माडी काढली. बापही हेच करायचा. "माडाला आता हात लावायचा नाही म्हणे," तो म्हणतो. "मग या वयात मी काय शिकू?" त्याला उत्तर द्यायला तिथे कोणी नाही. बंदी राबवायची ती पोलिसांनी, पोलीस गृहमंत्र्यांचे, आणि गृहमंत्री मोरारजी रणछोडजी देसाई यांना बंदीच्या बाबतीत कुठलीही शंका नाही.

या माणसाला जवळून पाहायचं तर पहाटे उठावं लागेल. पांढरीशुभ्र खादी, टोपी, ताठ कणा. चहा नाही, विडीकाडी नाही. फळं आणि गाईचं दूध. सूतकताई, गीता, निसर्गोपचार. लस टोचून घेण्यावर विश्वास नाही. तिशीनंतर ब्रह्मचर्य घेतलं ते कायमचं. चेहरा पाहिलात तर वाटेल, हा माणूस रागावलेला नाही आणि खूशही नाही, फक्त त्याचं ठरलेलं आहे. वलसाडजवळच्या भदेलीत २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्म, वडील शाळामास्तर. शिक्षण मुंबईला, चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात. १९१८ पासून बारा वर्षं ब्रिटिशांच्या प्रांतिक सेवेत डेप्युटी कलेक्टर. १९३० साली गोध्र्याला असताना राजीनामा आणि नंतर सत्याग्रह, तुरुंग. १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात महसूलमंत्री. १९४६ ला खेर पुन्हा आले तेव्हा गृह आणि महसूल ही दोन्ही खाती मोरारजींकडे आली.

माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या राजकारणाची किल्ली या दोन व्यवसायांत आहे. वडिलांचा शाळामास्तरकीचा आणि स्वतःचा डेप्युटी कलेक्टरीचा. मुलाला काय हिताचं ते मास्तरला कळतं. तालुक्याला काय हिताचं ते कलेक्टरला कळतं. दोघांनाही कोणी मत विचारायला जायचं नसतं. मोरारजींनी सरकारी नोकरी सोडली, पण कारभाराकडे पाहण्याची ती नजर त्यांनी सोडली नाही.

त्यांना कर्मठ म्हणताना मात्र घाई करू नका. थोडं रत्नागिरीकडे वळा, १९५० मध्येच. गावात लोक एका पडवीत जमले आहेत आणि तलाठी कागद वाचतो आहे. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा. पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या दारात वेठ करणारा एक कुणबी मध्येच विचारतो, "म्हंजे आता सारा मी थेट सरकारात भरायचा?" तलाठी मान हलवतो. कुणबी काही बोलत नाही, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक मांडलं होतं, ती मोरारजींच्या महसूल खात्याच्या कारकिर्दीत मोडली. त्याआधी १९४८ चा कुळकायदा आला. कुळाकडून कोरडवाहू पिकाच्या एक तृतीयांशापेक्षा आणि बागायतीच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त खंड घ्यायचा नाही. पुढे त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक मानला गेला. याच सरकारने हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली, हरिजनांना देवळं खुली केली, जातीतून वाळीत टाकणं गुन्हा ठरवलं. संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या बाजूने उभा राहणारा उजवा पुढारी असं चित्र मनात घेऊन तुम्ही आला असाल तर ते इथेच ठेवा. हा कर्मठपणा गांधींच्या आश्रमातून आलेला आहे. संयम, शिस्त, कष्ट, व्यसन नाही, चैन नाही, जुगार नाही. आणि माणसं आपण होऊन तसं वागत नसतील तर कायद्याने वागायला लावायचं. वर्तमानपत्रातली बक्षिसाची शब्दकोडीसुद्धा या सरकारने कायद्याच्या चौकटीत आणून त्यांच्यावर कर बसवला.

आता पुन्हा मुंबई. साल १९५३ किंवा ५४, काही फरक पडत नाही. परळच्या त्या गुत्त्याच्या जागी किराणा दुकान आहे. मागच्या गल्लीत वळलात तर गुळाचा आणि नवसागराचा आंबूस वास नाकात शिरतो. एका खोलीच्या दाराला पडदा आहे, आत आंटी आहे, कडप्प्याच्या ओट्यावर पेले मांडलेले. हातभट्टीचा माल रात्रीच्या वेळी टायरच्या ट्यूबमध्ये भरून, अंगाला गुंडाळून येतो. नाक्यावरचा शिपाई रोज पडद्याकडे पाहतो आणि महिन्याला हप्ता नेतो. ती फाटकाची बाई तुम्हाला इथे भेटते. आता ती गल्लीच्या तोंडाशी उभी असते. "गुत्त्याची वेळ तरी ठरलेली व्हती, दादा. ह्याला वेळ न्हाई."

पारशी डॉक्टरचं प्रमाणपत्र मिळवून आरोग्याचं परमिट काढता येतं, ज्याला डॉक्टर परवडतो त्याला. बंदीच्या विरोधात बलसारा नावाचे एक गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, औषधं आणि प्रसाधनं यांच्यातल्या मद्यार्काबाबतची आणि इतर काही कलमं मात्र रद्द केली. मोरारजींच्या स्वतःच्या वलसाडजवळ पोर्तुगिजांचं दमण आहे, तिथे दारू उघड मिळते आणि खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. हे सगळं त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. गृहखातं त्यांचं होतं, अहवाल रोज टेबलावर येत होते. त्यांना वाटायचं ते असं की कायदा बरोबर आहे, माणसं चुकताहेत, म्हणून माणसांवर आणखी जोर लावायला हवा.

दारूबंदीचा तो १९४९ चा कायदा आजही आपल्या राज्यात लागू आहे, फक्त नावातल्या मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं. रस्त्याकडेच्या पाटीवर 'परमिट रूम' वाचता तेव्हा तुम्ही मोरारजींच्या काळातला शब्द वाचत असता.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला फार वेळ थांबायचं कारण नाही, पण मतमोजणीच्या खोलीत डोकावून जा. बलसार-चिखली मतदारसंघ, म्हणजे वलसाडचाच मुलूख. मोजणी संपते आणि राज्याचा गृहमंत्री समाजवादी उमेदवाराकडून १९ मतांनी पडतो. मतदारांनी नको म्हटलं. काँग्रेस पक्षाने मात्र त्यांनाच नेता निवडलं आणि एप्रिलमध्ये ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. सभागृहात ते नंतर पोटनिवडणुकीतून आले. कायद्याने यात गैर काही नव्हतं. तरीही तो १९ चा आकडा मनाशी ठेवा. लोकांचा नकार हाती पडल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न या माणसापुढे तेव्हा पहिल्यांदा आला. तीन वर्षांनी तो रस्त्यावर आला.

रविवार, २० नोव्हेंबर १९५५. चौपाटीची वाळू पायांखाली भुसभुशीत आहे आणि गर्दी इतकी की पाण्याची कड दिसत नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबरात आला. त्यात महाराष्ट्राला स्वतःचं राज्य नव्हतं. गुजराती आणि मराठी मुलखाचं मिळून एक द्विभाषिक आणि विदर्भ वेगळा. काँग्रेस श्रेष्ठींनी नंतर तीन राज्यांची कल्पना काढली. महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई. तुमच्या शेजारचा साताऱ्याकडचा साचेवाला दुखावलेला आहे, कारण शहराच्या गिरण्या त्याने आणि त्याच्या भावकीने चालवल्या. "मामा, आपन हितं पाव्हनं म्हनून आलोय व्हय?" तो तुम्हाला विचारतो.

व्यासपीठावर मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील आहेत आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई. पाटील म्हणतात, पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. काँग्रेस आहे तोवर ती मिळणार नाही, अशा अर्थाचं मोरारजी बोलतात. मराठी माणसाच्या तोंडी ही दोन विधानं आज सत्तर वर्षं आहेत. वाळूतून आरोळी उठते. दगड उडतात. सभा उधळते. रस्त्यापलीकडे विल्सन कॉलेजची दगडी इमारत दिसते आहे, जिथल्या बाकांवर बसून हा माणूस पदवीधर झाला. मुंबईने त्याला शिकवलं होतं, आणि त्याच शहरातल्या माणसांना तो सांगत होता की हे तुमचं होणार नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर. गिरण्यांचे भोंगे वाजतात, पण आत कोणी जात नाही. लालबाग, परळ, शिवडी, वरळी इथून माणसं दक्षिणेकडे चालायला लागतात आणि तुम्ही त्यांच्यात आहात. बायका आहेत, पोरं आहेत, गोदीकामगार आहेत, कुठे डफ वाजतो आहे. इराण्यांच्या हॉटेलांची दारं अर्धी ओढलेली. जायचं आहे कौन्सिल हॉलला. तिथे विधानसभेचं अधिवेशन चालू आहे. फ्लोरा फाउंटनवरून काळा घोडा ओलांडला की आलंच. फाउंटनपाशी पोलिसांची रांग आडवी येते.

पुढे काय झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांनीच कळतं. गर्दीत उभ्या माणसाला एवढंच कळू शकतं. आधी लाठ्या. मग अश्रुधूर. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं, कोणीतरी ओलं फडकं तुमच्या हातात कोंबतं. तुम्ही वाकता. मग एक आवाज, कोरडा आणि छोटा, आणि लगेच आणखी. शेजारचा साचेवाला तुमचा दंड धरून ओढतो. फाउंटनच्या कठड्याजवळ एक चप्पल पडलेली आहे, एकच. दोघं जण तिसऱ्याला उचलून नेताहेत आणि त्याचं डोकं मागे लोंबतं आहे. कौन्सिल हॉल इथून चालत दहा मिनिटं. तिथवर तुम्ही पोचत नाही.

त्या दिवशी १५ माणसं मेली.

१६ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी तुम्ही चाळीच्या गॅलरीत आहात. खाली एका बिऱ्हाडात रेडिओ आहे आणि सगळी चाळ त्याच्याभोवती. पंतप्रधान नेहरू जाहीर करतात की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. आधी शांतता पसरते. मग जिन्यावरून पावलं धडधडत उतरतात. पुढचा आठवडा गिरणगावात गोळ्यांचा आहे. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात गुजराती दुकानदारांची दुकानंही फुटली, निरपराध माणसांना मार बसला, आणि ते आपल्या माणसांनी केलं. ते लपवून या चळवळीचा मान वाढत नाही. पण तुमच्या चाळीत गोळी लागलेला पोरगा गॅलरीत उभा होता, रस्त्यावर नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपण १०५ हुतात्मे मोजतो, त्यातले बहुतेक या दोन महिन्यांतले आहेत. रात्री संचारबंदीत दिवे मालवलेल्या खोलीत एक आजी माळ ओढत बसली आहे. ती तुम्हाला विचारते, "अरे, ह्या मोरारजीला पोरंबाळं असतील ना?"

मुख्यमंत्री आपल्या जागेवरून हलले नाहीत. गुंडगिरी मोडण्यासाठी गोळीबार आवश्यक होता ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. न्यायालयीन चौकशीची मागणी त्यांनी मानली नाही. कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्या जुलैमध्ये लोकसभेत उठले आणि राजीनाम्याचं कारण सांगताना मुंबईतल्या गोळीबारांच्या नाकारलेल्या चौकशीबद्दल बोलले. स्वतंत्र भारताचं अर्थखातं एका माणसाने गिरणगावातल्या मेलेल्या माणसांसाठी सोडलं. मराठी माणसाने ही गोष्ट जितकी लक्षात ठेवायला हवी होती तितकी ठेवलेली नाही.

मराठीद्वेष हे या सगळ्याचं कारण, असं तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. मीही ऐकलं. म्हणून तुम्हाला एकदा ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादला नेतो. संसदेने तीन राज्यांचा बेत बदलून मोठं द्विभाषिक ठरवलं आहे. गुजराती विद्यार्थ्यांना स्वतःचा महागुजरात हवा आहे. ८ तारखेला ती पोरं भद्रजवळच्या काँग्रेस हाउससमोर गोळा होतात. आणि पुन्हा तोच कोरडा, छोटा आवाज. ही पोरं मोरारजींची भाषा बोलणारी होती, त्यांच्या गावाकडची म्हणता येतील अशी. मोरारजी तिथे येतात, लोकांनी आपलं ऐकून घ्यावं म्हणून उपोषणाला बसतात. ते बोलणार त्या दिवशी अहमदाबादकर घराबाहेर पडत नाहीत. जनता कर्फ्यू. रस्ते रिकामे, खिडक्या बंद. पुढे महागुजरातचे नेते इंदुलाल याज्ञिक यांच्या सभेला मात्र माणसांचा समुद्र.

त्या रिकाम्या रस्त्यावर तुम्ही उभे राहा. मला मोरारजींबद्दल जे म्हणायचं आहे ते इथे दिसतं. त्यांनी पैसा खाल्ला नाही. स्वतःच्या भाषेच्या माणसांना सवलत दिली नाही. स्वतःला जो नियम लावला तोच जगाला लावला, आणि तो स्वतः पाळला. पण माणसं नको म्हणतात तेव्हा त्या नकारातही काही शहाणपण असू शकतं हे त्यांनी कधी मानलं नाही. माहीमच्या भंडाऱ्याचा प्रश्न, बलसार-चिखलीची १९ मतं, फाउंटनवरची गर्दी, अहमदाबादच्या बंद खिडक्या, या सगळ्यांकडे त्यांनी वर्गातल्या दंग्याकडे पाहावं तसं पाहिलं. उपोषण करून त्यांनी स्वतःचं शरीर झिजवलं. गोळीच्या आदेशाबद्दल मात्र पुनर्विचार केला नाही. स्वच्छ हातांच्या माणसाच्या राज्यात एवढी माणसं मारली गेली, आणि त्याचे हात स्वच्छ होते हे त्या मृत्यूंचं उत्तर होऊ शकत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य सुरू झालं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मोरारजी दिल्लीला गेले, आधी वाणिज्य आणि उद्योग, मग अर्थ. १९७७ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि आणीबाणीने हिरावलेलं पुष्कळ काही त्यांच्या सरकारने परत दिलं. तो हिशेब वेगळा, तो त्यांच्या जमेला धरायलाच हवा. या प्रवासात आपल्याला तिथे जायचं नाही.

आपल्याला जायचं आहे मरीन ड्राइव्हला. फ्लोरा फाउंटनवरून जाल तर आधी हुतात्मा चौक लागेल. मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी तिथे १९६१ पासून उभे आहेत. गाडी थांबवून उतरा. पंधरा माणसं इथे पडली तेव्हा इथे मशाल नव्हती, फक्त कारंजं होतं. काळ्या घोड्यावरून पुढे गेलात तर तो कौन्सिल हॉलही दिसेल, जिथवर मोर्चा पोचला नाही. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आता त्या इमारतीत आहे.

मरीन ड्राइव्हवर ओशियाना नावाची इमारत आहे. मोरारजी शेवटची वर्षं तिथे राहिले. समुद्राकडे तोंड, उजवीकडे टोकाला चौपाटी. १० एप्रिल १९९५ ला, शंभराव्या वर्षात, ते मुंबईतच वारले. मुंबई तेव्हा पस्तीस वर्षं महाराष्ट्राची राजधानी होती. १९५५-५६ च्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी तोवर झालेली नव्हती. नंतरही झाली नाही.